राखेचे सिमेंट आणि चौदा दिवसांचे पाणी



नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी पांढुर्णा सोडते आणि सातपुड्याचा चढ जवळ येऊ लागतो. त्या चढाच्या अलीकडे तिगाव नावाचे एक लहान स्टेशन लागते. राज्य मध्य प्रदेशाचे, जिल्हा २०२३ सालापासून पांढुर्ण्याचा, पण घराघरांतून कानांवर येते ती मराठीच, आणि तीही वऱ्हाड-नागपूरकडच्या वळणाची. संत्र्यांच्या बागा, कपाशी आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी, असा हा मुलूख आहे.

गेल्या मृगात तेथे एका परिचिताच्या घरी जाण्याचा योग आला. योग म्हणजे, बोलावणेच होते. वैशाखात बांधून पुरे झालेल्या घराचे छत पहिल्याच पावसात पाझरू लागले होते आणि “इंजिनिअर आहा, एकदा पाहून जा” असा निरोप आला होता. खोलीत उभे राहून वर पाहिले, तर ओलीच्या बारीक रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. घरधनी वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. ते संतापून म्हणाले, “सिमिटात राख हाये भाऊ! पोत्यावरच लिहून हाये. पैसे सिमिटाचे घेतले अन् आमाले राख इकली.”

मी विचारले, “काकाजी, छतावर पाणी किती दिवस मारले?”

“पाच दिवस. मंग हीर आटली.”

“आणि सेंट्रिंग कधी काढले?”

“आठव्या रोजी. पाट्याइचं भाडं चढत होतं नं!”

आजच्या भाषणाचा सारा विषय या संवादात आला आहे. पोत्यात राख होती, हे काकाजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ती राख घालणे ही फसवणूक आहे, ही त्यांची समजूत मात्र चुकीची होती. आणि ही समजूत एकट्या काकाजींची नाही. सुशिक्षित शहरी मंडळीही दुकानात “राख नसलेले द्या” असे बजावून सांगताना मी ऐकतो. तेव्हा ही राख येते कोठून, सिमेंटात ती करते काय, आणि आपल्याकडून तिला काय हवे असते, हे पाहणे उपयोगाचे होईल.

चुलीतली राख आपल्या परिचयाची आहे. भांडी घासण्यापासून बी टिकवण्यापर्यंत आपण ती वापरीत आलो. पण सिमेंटातली राख ती नव्हे. ती औष्णिक वीज केंद्रांतली. तिगावच्या एका अंगाला, सातपुड्याच्या पलीकडे बैतूल जिल्ह्यात सारणी येथे सातपुडा वीज केंद्र आहे. तेथला पहिला संच १९६७ साली सुरू झाला. जवळच्या पाथाखेड्याच्या खाणींतला कोळसा त्या केंद्रात जळत आला आहे. पहिल्या टप्प्यातले ते जुने संच आता बंद झाले. नवे त्यांच्या जागी उभे आहेत. दुसऱ्या अंगाला नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा. आपल्या देशातल्या कोळशात राखेचा अंश फार. शंभर किलो कोळसा जाळला, तर तीस ते पंचेचाळीस किलो राख मागे उरते. एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारणपणे पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला, की कोठेतरी पाव किलो राख जन्माला आली असे समजावे.

भट्टीत जाण्यापूर्वी हा कोळसा पिठासारखा दळतात. बाराशे ते पंधराशे अंश उष्णतेत तो क्षणार्धात पेट घेतो. त्यातली माती वितळते, धुरासोबत वर उडते आणि उडता उडता निवून तिचे काचेसारखे सूक्ष्म गोल कण बनतात. राखेचा सुमारे चार पंचमांश भाग असा उडतो, बाकीचा जड होऊन तळाशी बसतो. उडणारी राख धुराड्यातून बाहेर पडू नये म्हणून वाटेत विद्युत्भारित पत्रे लावलेले असतात. त्यांना ती चिकटते आणि तेथून खाली झाडून घेतली जाते. हीच ती फ्लाय ॲश, उडती राख. कण इतके बारीक, की चिमटीत घेतली तर हाताला टाल्कम पावडरीसारखी लागते.

बरे, ही राख टाकावी कोठे? कित्येक वर्षे उत्तर एकच होते: पाण्यात कालवून नळांवाटे मोठमोठ्या तलावांत सोडावी. १९९६-९७ साली देशातल्या वीज केंद्रांत सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निघाली आणि त्यातली जेमतेम ६६ लाख टन उपयोगात आली. उरलेली माळरानांवर साचली. अशा तलावांचा धोका काय असतो, ते नागपूरकरांनी जुलै २०२२ मध्ये पाहिले. त्या पावसाळ्यात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरून कन्हान नदीपर्यंत गेला. पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी याच कन्हानेला मिळते. म्हणजे आपल्या डोंगरातले पाणी ज्या नदीने खाली जाते, तिच्याच काठी ही राख साठवलेली आहे.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून वीज केंद्रांवर राखेच्या वापराचे बंधन घातले, आणि पुढे ते वेळोवेळी कडक केले. २०२१-२२ पर्यंत राख २७ कोटी टनांवर गेली होती, पण वापरही सुमारे २६ कोटी टनांवर पोहोचला होता. त्यातला मोठा हिस्सा सिमेंट कारखान्यांनी घेतला. चंद्रपूर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. एकीकडे चंद्रपूरचे प्रचंड औष्णिक केंद्र, दुसरीकडे गडचांदूर, आवारपूर भागातली चुनखडी आणि तिच्यावर उभे राहिलेले सिमेंट कारखाने. राख आणि चुनखडी असे शेजार सगळीकडे मिळत नाही.

“म्हणजे कचरा खपवण्यासाठी आमच्या घराचा उकिरडा केला, असेच ना?” असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे सिमेंट येण्यापूर्वी वाडे, विहिरी आणि पूल बांधले जात ते चुन्यात. बैलाच्या घाणीत चुना मळला जाई, हे वृद्ध मंडळींनी पाहिले असेल. नुसता चुना हवेत वाळतो आणि हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली मात्र तो टिकाव धरीत नाही. म्हणून विहिरीच्या किंवा बंधाऱ्याच्या कामात चुन्यात सुरखी घालीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. इटलीत रोमन लोकांनी हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले. नेपल्सजवळच्या पोझुओली गावाची ती राख, म्हणून तिला पोझोलाना हे नाव पडले. रोममधले पँथिऑनचे घुमटाकार छत जवळजवळ एकोणीसशे वर्षे उभे आहे, ते याच राखेच्या काँक्रीटचे. तेव्हा पोत्यावर पोर्टलंड पोझोलाना सिमेंट असे जे लिहिलेले असते, त्यातला दुसरा शब्द त्या इटालियन गावाचा आहे. आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ सांगायचा, तर सुरखी.

आता सिमेंटात काय घडते ते पाहू. चुनखडी आणि माती १४५० अंशांपर्यंत भाजून जे खडे निघतात त्यांना क्लिंकर म्हणतात; ते थोड्या जिप्समसह दळले, की सिमेंट झाले. त्यात पाणी पडले म्हणजे दोन पदार्थ बनतात. पहिला डिंकासारखा, तो रेती आणि गिट्टी यांना धरून ठेवतो, सारे बळ त्याचे. दुसरा भिजवलेला चुना. हा चुना बळात काही भर घालीत नाही. उलट पाणी झिरपत राहिले, की तो विरघळून बाहेर येतो आणि मागे पोकळ्या ठेवतो. जुन्या छतांच्या खालच्या बाजूस पांढरे डाग किंवा लोंबणारे पांढरे टिपके दिसतात, ते बहुधा याच चुन्याचे.

राख येथे कामी येते. तिच्या काचेसारख्या कणांतली सिलिका या मोकळ्या चुन्याला गाठते आणि त्याचाही डिंक बनवते. जो पदार्थ वाया जायचा, तोच बळ देऊ लागतो. सूक्ष्म पोकळ्या भरतात. पाणी आत शिरण्यास वाट कमी उरते. शिवाय कण गोल असल्याने मिश्रण सहज घोळते आणि थोड्या कमी पाण्यात काम भागते. क्लिंकरची जागा राखेने घेतल्याचा आणखी एक लाभ आहे, तो आपल्या घराला दिसत नाही. एक टन शुद्ध चुनखडी भाजली, की तिच्यातून ४४० किलो कर्बवायू निघून जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. राख मात्र एकदा भाजून झालेलीच असते. दोनशे पोती म्हणजे दहा टन सिमेंट लागणाऱ्या घरात तीस टक्के राख असेल, तर तीन टन क्लिंकर भाजावेच लागत नाही.

मोठ्या बांधकामांतल्या तज्ज्ञांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेत १९३७ साली या राखेवरचे पहिले पद्धतशीर संशोधन प्रसिद्ध झाले, आणि १९४८ ते १९५३ या काळात माँटाना संस्थानात हंग्री हॉर्स धरण बांधले गेले, त्यात एक लाख टनांहून अधिक राख घातली गेली. आपल्याकडे १९६२ साली पुरे झालेल्या रिहंद धरणातही सिमेंटाच्या काही भागाऐवजी राख वापरली होती. धरणाच्या बांधकामात राखेला विशेष मान आहे. सिमेंट घट्ट होताना तापते. धरणाच्या अजस्र भिंतीत ही उष्णता कोंडून राहते आणि भिंत निवताना तडे पडतात. राख सावकाश काम करते, त्यामुळे उष्णताही सावकाश निघते. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे बांधली गेली. भारतातली अशा पद्धतीची ती पहिलीच. त्यांच्या मिश्रणात राखेचे प्रमाण सिमेंटापेक्षाही अधिक होते, आणि ती धरणे आज पाणी अडवून वीज देत आहेत. राखेने धरण पाझरत नाही, तर तिगावातले घर का पाझरावे?

याचे उत्तर ‘सावकाश’ या शब्दात आहे.

राखेला चुन्याची वाट पाहावी लागते. आधी सिमेंट भिजणार, त्यातून चुना सुटणार, मग राख त्याला धरणार. पहिल्या आठवड्यात राखेचे काँक्रीट साध्या सिमेंटाच्या काँक्रीटाहून कमजोर असते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ते बरोबरीला येऊ लागते, आणि तीन महिन्यांनी बहुधा पुढे जाते. पण हा सारा व्यवहार ओलाव्यात चालतो. पाणी सुकले, की तो थांबतो. राख मग चुन्याला न भेटताच, नुसती बारीक रेती होऊन, आत पडून राहते. अशा छताचा वरचा थर ठिसूळ आणि छिद्रमय राहतो. त्यातून ओल आणि हवा आत जातात, आणि काही वर्षांनी सळईला गंज चढतो. हे राखेचे वैगुण्य आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साध्या सिमेंटाच्या छताला पाच दिवस पाणी मारणारा गृहस्थ कदाचित निभावून जाईल. राखेच्या सिमेंटात तो निभावत नाही.

भारतीय मानकाने हे स्पष्ट सांगून ठेवले आहे. साधे सिमेंट असेल तर किमान सात दिवस काँक्रीट ओले ठेवावे. राखेचे सिमेंट असेल, किंवा हवा कोरडी व उष्ण असेल, तर किमान दहा दिवस. आणि राखेच्या सिमेंटासाठी ही मुदत चौदा दिवसांपर्यंत न्यावी, अशी शिफारस आहे. तिगावचा वैशाख म्हणजे राखही आली आणि उष्ण कोरडी हवाही आली. सेंट्रिंगचेही तसेच. धिरे काढण्याची जी मुदत मानकात दिली आहे ती साध्या सिमेंटासाठी. दुसरे सिमेंट असेल तर ती योग्य तशी बदलावी, असे तेथेच म्हटले आहे. मी स्वतः राखेच्या सिमेंटाच्या छताचे धिरे चौदा दिवसांच्या आत काढू देत नाही, खोली लहान असली तरीही.

आता काकाजींनी पाच दिवसांत हात आखडता का घेतला, तेही समजून घेतले पाहिजे. आळशीपणा म्हणून नव्हे. वीस बाय तीस फुटांचे छत. त्यावर मातीची आळी बांधून दोन इंच पाणी उभे करायचे, तर सुमारे २८०० लिटर लागतात. वैशाखाच्या उन्हात रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले, तरी दररोज साडेपाचशे लिटरांची भर. चौदा दिवसांत हा हिशेब दहा हजार लिटरांवर जातो. घरातल्या बायका ज्या विहिरीवर घागरीसाठी ताटकळतात, तिचे इतके पाणी छतावर ओतावे, हे कोणाच्या मनाला पटेल? आणि बांधकाम वैशाखातच का? तर मृग बहाराची संत्री फाल्गुनाच्या सुमारास विकली जातात, हाती पैसा येतो, शेतीची कामे थांबलेली असतात आणि गवंडी मोकळा असतो. पैसा येतो तेव्हा पाणी नसते, अशी ही गाठ आहे. पुस्तकात चौदा दिवस लिहिणाऱ्याला ती दिसत नाही.

पण उन्हाळ्यातच छत टाकणे भाग असेल, तर पाणी वाचवता येते. उभ्या पाण्याऐवजी जुनी बारदाने अंथरावीत, किंवा गव्हाच्या कुटाराचा चार बोटे थर द्यावा. तो चांगला भिजवून वरून ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक पसरावे आणि कडांना दगड ठेवावेत. सूर्य थेट न लागल्यामुळे उडणारे पाणी पुष्कळच कमी होते. सकाळी व सायंकाळी ताडपत्री उचलून बारदान ओले आहे ना, एवढे पाहावे. पहिले तीन-चार दिवस मात्र डोळ्यांत तेल घालून. काँक्रीट दुपारी न टाकता पहाटे किंवा संध्याकाळी टाकावे, हे वेगळे सांगावयास नको.

दोन गोष्टी घाईने सांगून टाकतो. पहिली अशी, की राखेचे सिमेंट वेगळे आणि राख मिसळलेले सिमेंट वेगळे. पोत्यावर भारतीय मानक १४८९ हा क्रमांक आणि ‘फ्लाय ॲश आधारित’ असे शब्द असतील, तर त्यात १५ ते ३५ टक्के राख कारखान्यातच, तपासून आणि मोजून, घातलेली असते. ती कोरडी, बारीक असावी लागते, आणि तिच्यात न जळलेला कोळसा पाच टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. त्यात आणखी राख आपण होऊन मिसळू नये. तलावातली ओली राख ट्रकाने आणून गिलाव्यात किंवा काँक्रीटात सिमेंटाऐवजी घालणारे महाभाग आहेत. ती राख जाडीभरडी असते. भरावाला, विटांना ती ठीक, पण सिमेंटाचे काम तिच्याकडून होणार नाही. काकाजींची तक्रार अशा ठिकाणी अगदी खरी ठरेल. दुसरी गोष्ट नंबराची. त्रेचाळीस, त्रेपन्न हे नंबर साध्या सिमेंटाचे. राखेच्या सिमेंटाला असा नंबर नसतो. आपल्याकडे चष्म्याप्रमाणे सिमेंटाचाही नंबर वाढला की भारी, अशी समजूत आहे. पोत्यावर पाहायचेच असेल, तर कोणत्या आठवड्यात भरले ते पाहावे. तीन महिन्यांहून जुने पोते कोणत्याही नंबराचे असो, तपासल्यावाचून वापरू नये.

काकाजींच्या छताच्या भेगा वरवरच्या होत्या. त्या कोरून, भरून वर जलरोधक लेप देण्यास मी सांगितले. पाझर थांबेल, पण गेलेले बळ पुरते परत येणार नाही, हेही स्पष्ट बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मागच्या अंगाला बांधावयाच्या खोलीचा विषय काढला. यंदा त्यांनी आंबिया बहार धरला आहे. त्याचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतील, आणि तेव्हा विहिरीला वरपर्यंत पाणी असेल. “मंग छत कार्तिकात टाकू,” ते म्हणाले. “सिमिट तेच आणू का?”

“तेच आणा,” मी म्हणालो, “फक्त पाट्यांचे भाडे चौदा दिवसांचे, हे मिस्त्रीशी आधीच ठरवून घ्या.”